राजदीपचा फोन

लाईट आली तसा फ्रिज गुरगुरला आणि दुपारची शांतता मोडली. उरू झोपेत हलली. तिच्या पाठीवर हलक्या थापा मारल्या, तशी ती पुन्हा निजली. भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचा लाल दिवा हिरवा झाला आणि मी मोबाईल हातात घेतला.

बोरी अरबच्या या घरात मला माझा असा एवढाच वेळ मिळतो. सासूबाई विहारातल्या बायकांकडे बसायला जातात, दीर संघदीप त्याच्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात असतो, आणि हे दारव्ह्याला, कृषी केंद्राच्या दुकानात. पाच वर्षांची लेक कुशीत, केस घामाने कपाळाला चिकटलेले. एका हाताने ते मागे सारायचे आणि दुसऱ्या हाताने टोपी-चष्म्याचं चित्र असलेलं ते खासगी पान उघडायचं. त्यात पाहिलेलं मागे उरत नाही, बंद केलं की संपलं, अशी माझी खात्री होती.

मी पाहत होते ते यांच्यासाठी.

उरूच्या पाठीवर दुसरं राहत नव्हतं. लग्नाला जातो सांगून आम्ही दोघं नागपूरला गेलो, तपासण्या केल्या. माझं सगळं ठीक निघालं. यांचं नाही. फवारणीच्या औषधांच्या गोदामात दिवसभर असता, तेही कारण असू शकतं, डॉक्टर म्हणाले. पण उपचार आहेत. परतीच्या बसने यवतमाळ सोडलं. मग हे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "उरूची शपथ हाय तुले. घरी कोणाले सांगजो नको."

"नाही सांगत."

"अन् काय खायचं, काय उपचार असते, ते तूच पाह्यत जा. केंद्रातले पोट्टे माया मोबाईल घेतेत हातात."

म्हणून रोज दुपारी मी नागपूरच्या त्या 'आशांकुर' दवाखान्याच्या साइटवर जात होते. पुरुषांसाठी वेगळं पान होतं, तेच पुन्हा पुन्हा वाचायचे. मग यांच्या जेवणाच्या डब्यात गुपचूप अक्रोड टाकायचे, गोदामात तोंडाला बांधायला धुतलेला रुमाल द्यायचे. हे न विसरता रुमाल घेऊन जायचे. मला तेवढं पुरत होतं.

रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. नेट हळू चालतं म्हणून संघदीपने वायफायच्या डब्याचं ॲप आपल्या मोबाईलवर घेतलं होतं.

"नेट कोण खाऊन राह्यलं, ते आज सापडते," तो घास चावत म्हणाला. "हे घ्या! आई, तुयाच मोबाईल सगळ्यात वर हाय. दिवसभर भीमगीतं!"

"मंग बंद करते," सासूबाई म्हणाल्या. "तूच बस समोर अन् तूच गाऊन दाखव."

यांच्यासकट सगळे हसले. संघदीपचा अंगठा खाली सरकत होता. मग तो थांबला.

"अन् हे काय बे? 'राजदीपचा फोन'. आशांकुर? दादा, हा त पोरं न होणाऱ्यायचा दवाखाना हाय! रोज जाऊन राह्यला तू तिथं. काय गडबड हाय काय तुयाच्यात?"

माझा घास तोंडातच राहिला. माझा हा मोबाईल आधी यांचा होता. यांनी नवा घेतल्यावर माझ्याकडे आला. आतलं नाव बदलायचं कोणाला सुचलंच नाही. आणि त्या टोपी-चष्म्याने लपवलं ते फक्त माझ्याच मोबाईलपासून. घरातून बाहेर जाणारं सगळं त्या डब्यातूनच जातं, आणि कोणाचा मोबाईल कोणाच्या दारात गेला हे तो डबा सांगतो. आत जाऊन कोणतं पान वाचलं, ते नाही सांगत.

यांचा भाकर मोडणारा हात थांबला होता. कान लाल झाले होते. सासूबाई एकदा यांच्याकडे, एकदा संघदीपकडे पाहत होत्या. शेजारच्या बेबीताईंच्या भाचीसाठी मीच पाहत होते, असं सांगून द्यावं म्हणून मी तोंड उघडलं.

त्याआधी हे बोलले. "तो फोन माया नाही. रुपालीकडं असते तो."

इथवर खरंच होतं. इथे थांबले असते तरी मी निभावून नेलं असतं.

"तिच्यातच हाय काहीतरी," ताटाकडे पाहत हे पुढे म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं. मीच म्हटलं, घरी नको सांगू, तुले बोल लागंन."

उरू माझ्या मांडीवर बसून वरण-भात खात होती. तिची शपथ घेतली होती मी. तिच्या डोक्यावर हात ठेवून गप्प बसले.

"सॉरी वयनी," संघदीप पुटपुटला. "मले काय मालूम." आणि उष्टा हात न लावता, डाव्या अंगठ्याने त्याने यांचं नाव पुसून तिथे माझं टाकलं. "आता घोळ नाही होणार."

चुकून का होईना, त्या एका जागी खरं लिहिलेलं होतं. तेही दुरुस्त झालं.

सासूबाई रागावल्या नाहीत. माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली, वर तुपाची धार. "खाय वो माय. अशक्तपणा असंन." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बूट घालत असताना मी दारात उभी राहिले.

"असं काहून केलं तुम्ही?"

"तुले काय फरक पडते?" लेस बांधतच हे म्हणाले. "बाईले लोकं म्हणतच राह्यतेत. माणसाचं नाव निघालं का त्याले दुकानात उभं राह्यता येत नाही."

"अन् ते शपथेचं?"

"ती त तू पाळलीच ना." जेवणाचा डबा उचलला, मग जरा आवाज खाली आणून, जवळजवळ लाडाने म्हणाले, "आता त तुयंच नाव हाय त्या फोनवर. बिनधास्त पाह्यत जा. नवीन काही सापडलं त सांग मले."

आठवड्याच्या आत ते बेबीताईंपर्यंत पोचलं. मूल राहावं म्हणून त्या झरी गावाकडून आणलेली कसली तरी मुळी घेऊन आल्या. ओसरीवर सासूबाईंजवळ बसल्या. मी आत उरूला भरवत होते, हे त्यांना दिसत होतं.

"हिच्यातच खराबी हाय म्हटल्यावर थांबायचं तरी किती, रुक्माबाई? राजदीप अजून जवान हाय. पाहा बापा, मी आपली सांगते."

सासूबाई 'नाही' म्हणतील म्हणून मी घास हातात धरून थांबले. त्यांनी ती मुळी पदराच्या टोकाला बांधली. मग एवढंच म्हणाल्या, "पाहू."

त्या दुपारी उरू निजली नाही. तिने माझा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. दंडावरचा लसीचा वण बोटाने दाबून पाहिला. कानामागे पाहिलं. मग माझ्या पोटावरचा पदर हळूच बाजूला केला, गाल टेकवून जरा वेळ ऐकत राहिली. मला वाटलं, डॉक्टर-डॉक्टर खेळते आहे. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

तिने मान वर केली. चेहरा रडवेला झाला होता.

"मले त कुठंच नाही दिसत. आई, बेबीआजी म्हणे तुयाच्यात खराबी हाय. कुठं हाय वो?"