खालची कवळी

वरची कवळी तयार होती. खालचीचे दात अजून डबीतच होते, आणि काल तिने ताईला ठोकून दिलं होतं, "दोन्ही झाल्या!"

दातांच्या लॅबमध्ये तिचं काम चोख. पण सुरुवात होईल तर शपथ. एडीएचडीचं निदान झाल्यापासून दोघी बहिणींनी एक रीत पाडली होती. दुपारी ताई फोन करायची, आज काय करणार ते विचारायची आणि फोन चालू ठेवूनच पलीकडे शिवणाचं मशीन चालवायची. गप्पा नाहीत. ती खडखड कानावर पडत राहिली की हिचे हात चालायचे. शेवटी ताई कुठवर आलं ते विचारायची. पडताळून मात्र पाहायची नाही.

काल तीच खडखड ऐकत हिने कवळी सोडून सगळ्या डब्यांतले सुटे दात रंगांप्रमाणे लावून ठेवले होते. मग लाजेने थाप मारली. ताई केवढी खूश झाली!

आता त्याच कवळीसाठी सोबत मागायची कुठल्या तोंडाने? उद्या सकाळी, ज्यांची ही कवळी ते आजोबा ती न्यायला दातांच्या डॉक्टरांकडे येणार होते. जुनी तुटल्यापासून ते सगळं पातळ करून पीत होते. तिने दात बसवायचं मेण उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी फोन लावला.

"ताई, काल खोटं बोलले. खालची झालीच नाही."

मशीन थांबलं. "मग काय करत होतीस गं?"

"दात रंगांप्रमाणे लावत होते."

"वा! आजोबांच्या तोंडात नाहीत, पण डबीत अगदी झोकात."

"हसू नकोस. ओरड मला."

"मी ओरडणार, तू रडणार, आणि कवळी तशीच. खोटं बोललीस ते लागलंय मला. त्यावर नंतर बोलू. उद्यापर्यंत होईल?"

तिने मनात हिशेब केला. दात बसवणं, साचा, घट्ट होणं, घासणं. "नाही."

"मग डॉक्टरांना तूच कळव. मी इथे आहे."

तिने लॅबच्या फोनवरून डॉक्टरांना सांगितलं, "उशीर माझ्यामुळे झालाय."

डॉक्टर वैतागले. "आजोबांना काय सांगू? परवा सकाळी नक्की?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं, पण सकाळपर्यंत कवळी होणार नव्हती. एका माणसाचं जेवण आणखी लांबणार होतं.

"परवा दुपारी," ती म्हणाली आणि मेण तापवायला घेतलं.