शेंदराखालची बाई

परळला आमच्या चाळीच्या तोंडाशी, पिंपळाखाली, गावदेवी होती. शेंदराच्या थरांनी इतकी फुगलेली की नाक-डोळे काही कळत नसत. सासूबाई, रखमाबाई, दर मंगळवारी तिला तेल-शेंदूर लावीत. माझ्या आठ महिन्यांच्या हेरंबला गोवर निघाला, तेव्हा त्यांनी तिला दहीभाताचा नवस बोलला.

सोमवारी चार वाजता त्यांनी मला तेल घालायला पाठवलं. ओतताना शेंदराची एक कड सुटलेली दिसली. कॉलेजात इतिहास घेतला होता, तो तिथे नडला. अंबाड्यातला आकडा काढून आत घातला, तर अख्खी खोळच निघून आली. आत कोरीव बाई. मांडीवर मूल, ते तिच्या गळ्यातला हार ओढतंय. हजार-बाराशे वर्षांची तरी असेल. उद्या चित्र काढायचं, म्युझियमला पत्र टाकायचं आणि पुन्हा शेंदूर लावायचा, असं ठरवून मी खोळीचे तुकडे गटारात सोडले.

संध्याकाळी रेडिओ लागला. मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे. त्या गलक्यात पिंपळाखाली कोणी पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतली माणसं रस्ता अडवायला दगड गोळा करीत आली. मी हेरंबला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभी होते. चौघांनी पिंपळाखालून तिला उचललं. शेंदूर असता तर एकाचंही बोट लागलं नसतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खाली नळावर सासूबाई होत्या. ती देवी आहे म्हटलं असतं, तर सोलली कोणी, हे आलंच असतं. दुपारी पोलिसांची लॉरी आली आणि रस्त्यात टाकलेले दगड तिच्यासकट भरून घेऊन गेली.

नंतर सासूबाई दहीभात घेऊन उतरल्या, तशाच वर आल्या.

"देवी खंय गेली गो?"

"पोलिसांनी नेली, रखमाकाकी," समोरच्या खोलीतले बुधाजी म्हणाले. "लॉरी भरताना पाहिली ना मी. आता देवालापण अटक."

बघता बघता जिन्यात पंधराएक माणसं जमली. चौकीवर जायचं ठरलं. हेही चपला घालू लागले.

"लालबागकडे गोळ्या चालतायत," मी म्हटलं.

"मग देवी सोडायची?" यांनी विचारलं.

"शेंदूर मी काढला तिचा. बोडका दगड समजून आपल्याच लोकांनी रस्त्यात नेऊन टाकला. मी बघत होते."

बुधाजी हसले. "नवऱ्याला अडवायला बाई काय पण बोलेल. चल रे जयवंता."

हे मात्र माझ्याकडे बघत राहिले. असलं खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही, हे यांना ठाऊक. यांनी पायातली चप्पल काढली. बाकीचे धडधडत जिना उतरून गेले.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. आता काय ऐकावं लागेल म्हणून मी हेरंबला घट्ट धरलं.

"चाळीस वर्सा तेल घातलंय मी तिका," त्या म्हणाल्या. "तोंड कसा होता गो?"

"झिजलं होतं, आई. मांडीवरचं मूल तेवढं स्पष्ट होतं."

त्या उठून कठड्याशी गेल्या. माणसं नाक्यावर पोचली होती.

"बुधाजी, परत फिर रे. माझ्या सुनेनच केल्यान."

कोणी मागे पाहिलं नाही. मग मीही शेजारी उभी राहून ओरडू लागले. खाली घोषणा सुरू झाल्या होत्या.