सरकारनं धाडलेली देवी

दिपकने फोनवरचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. चित्र काही बदलेना.

"बाबा, असं काही आपल्या घरात होतं का हो?" पुण्याहून सुट्टीला आलेली त्याची मुलगी साक्षी विचारत होती. "पितळेसारखी दिसते बघा. पहिल्या महायुद्धात जे सैनिक मेले, त्यांच्या घरी सरकारने अशी एकेक चकती पाठवली होती. बाजूला त्या सैनिकाचं नाव असतं. आपले येसूआजोबा त्यातच गेले ना, त्यांचीसुद्धा आली असणार की."

चित्रात एक बाई उभी होती. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात पुढे धरलेली माळ, पायाशी सिंह.

"नाही," दिपक म्हणाला. "म्हणजे, माझ्या पाहण्यात तरी नाही."

बत्तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेला माणूस तो. मानेला ताठ, शब्दाला पक्का आणि दुसऱ्याची चूक धरायला जरा जास्तच तत्पर. असं धडधडीत खोटं त्याच्या तोंडून कधी निघालं होतं, ते त्यालाही आठवलं नसतं. फोन मुलीच्या हातात देऊन तो उठला आणि उगाच अंगणातल्या नळाची तोटी घट्ट करून आला. स्वयंपाकघरात त्याची आई, भीमाबाई, सुपात शेंगा निवडत बसली होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

दिपकच्या घराण्याचं, शिवशरणांचं, मूळ गाव वळसंगच्या अलीकडे. तिथल्या चावडीचा जुना गिलावा यंदा खरवडला तेव्हा आतून एक दगडी पाटी निघाली. या गावातून अकरा जण महायुद्धावर गेले, त्यांतले दोघे मेले, एवढाच मजकूर. मेलेल्यांची नावं साक्षीने कुठकुठल्या याद्या चाळून शोधून काढली. त्यांतला एक येसू रामा, दिपकच्या आजोबांचा थोरला भाऊ. वय एकोणीस. समुद्रापार परमुलखात, बसऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या खंदकात मेला. घरात त्याच्याबद्दल 'लढाईत गेला' यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. लग्न झालेलं नाही, फोटो नाही, आणि नाव घ्यायला मागे कुणी नाही.

गावाने पाटी धुऊन घेतली, खाली दोन नावं कोरून घेतली. रविवारी कार्यक्रम ठरला. सरपंच ईश्वरप्पांनी स्वतः फोन केला होता.

"गुरुजी, भाषन तुमीच करायचं बरं का. आनि आईला घेऊन या. घरात काय बिल्ला, कागद असंल तर तेबी आना. दुसरा जो मेला त्याचं, कल्लप्पाच्या घरचं, एक निघालंय."

ज्या चावडीच्या पायरीवर दिपकच्या आजोबांना पाय ठेवता येत नव्हता, तिथे खुर्ची टाकून बोलवत होते. भाषण त्याने त्याच दिवशी लिहून काढलं. चांगलं झालं होतं. आता ते वाचायचं कुठल्या तोंडाने, हा प्रश्न होता.

कारण ती चकती त्याच्या घरात होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत होती.

त्या साली वर्षावासातलं ग्रंथवाचन त्याच्या घरी होतं. विहाराचा सचिव तो, त्यामुळे चाळीसेक माणसं जमलेली. बसायला सतरंजी कमी पडली म्हणून कुणीतरी आईची पेटी उघडून आतली सतरंजी ओढली. तिच्या घडीतून ती चकती निसटली, फरशीवर गरगरत थेट मधोमध आली आणि आवाज करत आडवी झाली. तिच्यावर कुंकवाचा जाड थर होता. ताजा. कुंकवाखाली बाई, त्रिशूळ आणि सिंह. तुळजापूरच्या मुलखात हे कोण आहे ते सांगायला पंडित लागत नाही.

घरातले देव छप्पन साली आजोबांनी सुपात घालून नदीत सोडले होते. ही गोष्ट दिपक प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगायचा. आणि त्याच्याच घरात, त्याच्याच आईच्या पेटीत देवी! कुणी काही बोललं नाही, पण ते न बोलणंच त्याला झोंबलं.

"आई, लाज वाटत नाही का तुला?" तो सगळ्यांसमोर ओरडला होता.

"आरं, सासूबाईनं दिलीया ती... मागं घरातलं एक पोरगं..."

"बस. एक शब्द नको. देवीबिवी काही नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्कूटरवर मागे बसवून तो हिप्परग्याच्या तळ्यावर घेऊन गेला. स्वतः टाकली असती तर गोष्ट वेगळी. पण माणसाच्या मनातून देव जायचा तर त्याच्याच हाताने गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चुकीचं तत्त्व नव्हतं, नुसता माणुसकीचा पत्ता नव्हता. बंधाऱ्यावर उभी राहून भीमाबाईने चकती पदराने पुसली. खूप वेळ पुसली. मग फेकली. म्हाताऱ्या हाताची फेक, फार लांब गेली नाही. परतताना ती वाटभर गप्प होती, आणि त्याला वाटलं होतं, चला, सुटली एकदाची.

तिला त्या दिवशी काय सांगायचं होतं, हे त्याने चार वर्षांत विचारलं नव्हतं.

रविवारला तीन दिवस होते. आईला आधी सांगायचं, असं त्याने रोज सकाळी ठरवलं. पहिल्या दिवशी तिच्याजवळ बसून रक्तदाबाची गोळी घेतलीस का, एवढं विचारून उठला. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी बाजारातून पेरू आणले.

"दात हाईत का मला पेरू खायाला?" ती म्हणाली. "काय झालंय रं तुला?"

"काही नाही."

तिसऱ्या दिवशी त्याच्या मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तळं काही बोलणार नाही, आईला वाचता येत नाही, आणि आपल्याकडे अशी चकती होती हे साक्षीला ठाऊक नाही. असं मनात आल्याची त्याला इतकी शरम वाटली की जेवताना त्याने अर्धी भाकरी तशीच ठेवली. पण बोलला तरीही नाही.

रविवारी चावडीपुढे मांडव होता. पांढऱ्या कपड्याच्या टेबलावर एका ताटात कल्लप्पाच्या घरची चकती ठेवली होती, चिंचेने घासून लखलखीत केलेली. साक्षी आजीला हाताला धरून खुर्चीकडे नेत होती. टेबलापाशी भीमाबाई थांबली. दिपक दोन पावलं मागे होता. त्याला आईचा चेहरा दिसला नाही, पण तिचा हात ताटाकडे गेलेला दिसला.

"ही हितं कशी आली गं?"

"आज्जी, ही कल्लप्पाकाकांच्या घरची. त्यांच्या पणज्याचा भाऊ येसूआजोबांबरोबर लढाईत मेला ना, त्याची."

"देवी हाय की ही."

"देवी नाही गं. त्यांच्या देशाचं चिन्ह आहे ते. हे बघ, इथे चौकटीत लिहिलंय ना, ते मेलेल्या पोराचं नाव. ज्याच्या त्याच्या चकतीवर ज्याचं त्याचं नाव."

भीमाबाईने त्या चौकटीवरून बोट फिरवलं. घरच्या चकतीवर नेमक्या त्याच जागी तिने वर्षानुवर्षं कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

"आमची सासू म्हनायची," ती हळूच म्हणाली, "पोरगं नेलं आनि सरकारनं देवी धाडली. माज्या आजेसासूनं रडत रडत पाटावर बसवली म्हनं. पोराच्या बदल्यात आलीया, हिला कदी टाकू नका, म्हनून सांगून मेली. मला वाटायचं, म्हातारी मान्सं, बोलत्यात कायबी."

"म्हणजे आपल्याकडे होती?" साक्षीने चमकून बापाकडे पाहिलं.

तेवढ्यात ईश्वरप्पा माइक हातात घेऊन पुढे आले. गाव जमलं होतं आणि त्यांना घाई होती. "या, मावशी, बसा. आता बगा, कल्लप्पाच्या घरचं तर आलंय. तुमच्या येसूचं कुटं हाय?" असं म्हणत त्यांनी माइक तिच्यापुढे धरला.

भीमाबाईने दिपककडे पाहिलं नाही.

"माज्याच हातनं तळ्यात पडलं," ती म्हणाली. "चुकी माजीच हाय."

"आरारा," कुणीतरी पुढच्या रांगेतून म्हणालं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "म्हाताऱ्या मान्साजवळ असलं कशाला देत्यात!"

भीमाबाई खाली मान घालून ऐकत राहिली. दुसऱ्यांदा चारचौघांत तिची मान खाली गेली होती.

दिपकचं नाव पुकारलं. तो उठला. खिशातला कागद त्याने काढलाच नाही. 'जय भीम' म्हणाला, मग 'नमस्कार' म्हणाला, आणि टेबलाची कड धरून उभा राहिला.

"माझ्या आईने आत्ता खोटं सांगितलं," तो म्हणाला. "पडलं नाही. मी टाकायला लावलं. ती काहीतरी सांगत होती, मी तिला बोलू दिलं नाही. चाळीस माणसांत तिची लाज काढली. शिकलेला मी होतो. त्याच्यावर नाव असेल, हे बघायचं काम माझं होतं. मी कुंकू बघितलं, नाव बघितलं नाही." त्याने ताटातल्या चकतीकडे पाहिलं. "येसूबद्दल बोलायला मला बोलवलं होतं. मला त्याच्याबद्दल काही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्याची शेवटची वस्तू मी घालवली."

टाळ्या झाल्या नाहीत. ईश्वरप्पा चष्मा पुसत बसले. साक्षी मांडवाच्या कडेला उभी होती, तिने बापाच्या नजरेला नजर दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. तो येऊन आईशेजारच्या खुर्चीत बसला. बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. त्याला तसं काही झालं नाही.

भीमाबाईने त्याच्या बाहीला धरून जरा जवळ ओढलं.

"कशाला सांगितलंस रं गावात?" ती कानाशी कुजबुजली. आवाजात राग नव्हता. "तू तवा म्हनला हुतास तेच खरं निघालं की. देवी न्हवतीच ती."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. ती त्याची समजूत घालत होती. त्याला हुंदका आला आणि तो त्याने खोकल्यात लपवला.

मग ईश्वरप्पा पाटीजवळ गेले आणि नावं वाचू लागले. आधी कल्लप्पाच्या घरचं नाव झालं. मग ते म्हणाले, "येसू रामा शिवशरण, वय वर्षं एकोनीस."

भीमाबाई काठी टेकत उभी राहिली. तिचं सासरचं गाव सुटून, सासूसासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आता तिच्याहून वडीलधारं असं गावात कुणी उरलं नव्हतं. तिने पाठीवरचा पदर दोन्ही हातांनी डोक्यावरून पुढे ओढून घेतला, नव्या सुनेने थोरल्या सासऱ्यापुढे घ्यावा तसा, आणि पाटीपुढे खाली वाकली.