घरची गाडी

"उठ जरा," हे म्हणाले.

मी गाडीवर बसले होते. बाहेर जायचे कपडे घालून, केस विंचरून, पुढच्या टोपलीत ताईसाठी सुपाचा डबा ठेवून. किल्लीसुद्धा फिरवलेली होती. आणि माझा नवरा हातात पाना घेऊन मला म्हणतो, उठ जरा.

"कशाला?"

"मोटर काढायचीय."

"माझ्या गाडीची?"

"मग कुणाच्या? चावीवाल्याची जळलीय. तो बघ, बिचारा बाकावर येऊन बसलाय. नवी मागवलीय मी. उद्या आली की तुझी परत बसवतो. चहा उकळेपर्यंत होणारं काम, त्यात काय एवढं?"

आमचं दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. त्या दारातून मला चावीवाला दिसत होता. एक पाय लहानपणापासून लुळा. गाडीवर चाव्या घासायचं यंत्र लावून बाजारात बसायचा. तो माझ्याकडे बघेना. "राहू द्या हो, वहिनींना बाहेर जायचं असेल," असं जमिनीकडे बघत म्हणाला. हे लगेच, "छे छे! ती काय, घरातच असते."

आता मी काय बोलणार? परक्या माणसासमोर तमाशा करायची मला सवय नाही. भिंत धरली, उठले आणि खुर्चीत बसले. सूप मीच प्यायले. गार झालं होतं.

पाठीच्या ऑपरेशननंतर माझ्या पायांतला जोर गेला. भिंत धरून स्वयंपाकघर ते न्हाणीघर, एवढीच मजल. त्यापलीकडचं सगळं जग त्या गाडीवर. गाडी म्हणजे तुम्ही पाहिली असेल, म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांची असते ती: पुढे हँडल, मध्ये फिरती खुर्ची, खुर्चीखाली बॅटरी, मागच्या चाकांमध्ये मोटर. मोटरच्या टोकाला ब्रेक. खटका दाबला की 'टक्' असा आवाज होतो, म्हणजे ब्रेक सुटला. बोट उचललं की पुन्हा 'टक्', गाडी जागच्या जागी घट्ट. एकदा मोटर काढली की तिच्याबरोबर ब्रेकही जातो आणि उरते नुसती चाकं लावलेली खुर्ची. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. मेकॅनिकच्या संसारात माणूस ऐकून ऐकूनच शहाणा होतो.

आमच्या भागातल्या झाडून सगळ्या गाड्या एकाच बनावटीच्या, कारण यांनीच सगळ्यांना त्याच घ्यायला लावल्या. "सारखी गाडी असली की पार्ट अडत नाही," हे यांचं तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान चांगलंच होतं. फक्त पार्ट न अडण्यासाठी ते कुठून तरी काढावे लागतात, आणि सगळ्यांत नवी गाडी होती माझी, मुलाने घेऊन दिलेली. आधी मोटरमधले कार्बनचे तुकडे गेले. मग एकदा मागचं चाक. मग खटका. दर वेळी "उद्या बसवतो". बसवायचेसुद्धा, खोटं कशाला बोलू? पण तो उद्या कधी चार दिवसांनी उजाडायचा, कधी पंधरा.

सगळा गाव यांना देवमाणूस म्हणतो. रस्त्यात गाडी बंद पडली की हे जेवण टाकून धावतात. समोरच्याने पैसे नंतर देतो म्हटलं तरी हसून मान हलवतात. भर पावसात कुणाच्या तरी गाडीखाली आडवे पडलेले मी त्यांना पाहिलं आहे. देवमाणूसच. आणि त्या देवमाणसाच्या घरात मला देवासारखंच ठेवलं होतं, एका जागी बसवून.

एरवी मी मनावर घेत नसे. भांडायचे, रुसायचे, विसरायचे. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. ताई आजारी होती.

ताई माझी थोरली बहीण. वरच्या अंगाला, चढाच्या गल्लीत राहायची. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी घालण्यापासून माझं लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तोंडातून फक्त "हं" निघायचं. पण त्या "हं"मध्ये ती मला रागवायची, माझी चेष्टा करायची, माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची. मी रोज दुपारी गाडी घेऊन जायचे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिला खुर्चीत घालून अंगणात आणायची. मग आम्ही दोघी हातात हात घेऊन बसायचो. मी बडबडायचे, ती "हं" करायची. एवढंच. पण त्या झटक्यानंतर ती दिवसभरात कुणाकडे बघून हसायची तर माझ्याकडे.

मोटर गेली त्या दिवशी मी भाचीला फोन केला. "ताईला सांग, आज नाही जमत, उद्या येते."

चावीवाल्याकडे माझी मोटर छान चालली. नवी आली तीही, पण ती नर्सबाईंना गेली. त्या रिटायर झालेल्या, दोन्ही मूत्रपिंडं निकामी, एक दिवसाआड डायलिसिसला जायचं. त्यांच्या मोटरने ऐन रस्त्यात धूर काढला होता.

"सांग बरं, त्यांना नाही कसं म्हणू?" हे म्हणाले.

हीच तर यांची खुबी. नाही म्हणायला जागाच ठेवायचे नाहीत. नर्सबाईंच्या डायलिसिसपुढे माझं हातात हात घेऊन बसणं कुठे मांडायचं? मी मांडलं तरी ऐकणाऱ्याला हसूच येणार.

"मला ताईकडे जायचंय," मी म्हटलं.

"अगं, फोन लाव की."

"तिला बोलता येत नाही."

"ऐकू तर येतं ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी फोन लावला. भाचीने तो ताईच्या कानाला धरला. मी बोलले, पुष्कळ बोलले. पलीकडून नुसता श्वास. मग भाचीच म्हणाली, "मावशी, बस्स कर. ती रडायला लागलीय."

त्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. मुलगा दूरच्या शहरात. शेवटी मी यांच्या मागेच लागले: मोटर नाही तर नाही, मला ढकलत न्या. म्हणाले, चल. खरंच निघाले. मोटर नसलेली गाडी, वर मी. सपाटीला ठीक होतं. चढ लागला तसे ते धापा टाकायला लागले. थांबायचं तर ब्रेक नाही, म्हणून एक वीट बरोबर घेतलेली; दम खायला थांबलो की ती चाकाखाली सारायची. लोक बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "वा! बायकोची सेवा करावी तर अशी." हे त्याही धापेत हसले.

अर्ध्या चढावर यांचा फोन वाजला. एका हाताने गाडी धरून यांनी तो घेतला.

"हां बोला... कुठे, चौकात? रस्त्याच्या मधोमध?... घाबरू नका, आलोच."

बोलण्याच्या नादात हात सैल झाला आणि गाडी मागे सरकली. मी किंचाळले. यांनी पायाने वीट सारली, चाक विटेवर धडकलं, मी हादरले. खाली गटाराचा कठडा होता.

"तुला खाली सोडतो, त्यांचं बघून येतो, मग परत येऊ," हे म्हणाले. एखादा माणूस किती खरेपणाने खोटं बोलू शकतो! वरच्या वळणावर ताईच्या घराचं छप्पर दिसत होतं.

त्यानंतर मी मागणं सोडून दिलं. बोलणंही कमी केलं. यांना ते कळलं नाही, कारण दुकानात बोलणारे पुष्कळ होते. भाचीचा फोन यायचा: आज खाल्लं, आज नाही खाल्लं, आज डोळे उघडले. मी म्हणायचे, "येते गं, गाडी झाली की लगेच येते." मेकॅनिकची बायको गाडी होण्याची वाट बघते, हे ऐकून ती पोरगी काय समजत असेल ते तिलाच ठाऊक.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "मावशी, डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवा. तू ये. कशीही ये."

मी दुकानाच्या दारात गेले. भिंत धरून, जेवढ्या जोरात जाता येईल तेवढ्या. हे कुणाच्या तरी गाडीची वायर तपासत होते.

"ताई चाललीय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. मग फळीवरून एक खोकं खाली ओढलं, त्याची पट्टी दातांनी फाडली. आत कोरी करकरीत मोटर.

"ही कधी आली?"

"सकाळीच. ती शाळेच्या बाईंसाठी..."

माझी गाडी कोपऱ्यात होती, वर पोती टाकलेली. पोती भिरकावली, मागचं झाकण काढलं. मोटरचा दांडा गिअरच्या डब्यात सरकवला, बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले, वायरचा प्लग बसवला. गाडी ढकलायची असली की एक लहानसा दांडा खाली करतात, तो वर उचलला. मागचा भाग लाकडावर टेकवून चाकं अधांतरी फिरवली. टक्. चाकं आवाज न करता फिरली. टक्. थांबली. हात किती सफाईने चालत होते! एक हालचाल वाया नाही. मी बघत राहिले. खरंच, चहा उकळेपर्यंत झालं सगळं.

झाल्यावर त्यांनी फडकं घेऊन माझी खुर्चीही पुसली. मला ओरडावंसं वाटलं. एवढंच होतं? एवढंसंच काम होतं हे? पण ओरडायला वेळ नव्हता.

चढ गाडीने असा घेतला की सांगता सोय नाही. न घरघर, न थरथर. वेगाचं बटण मी शेवटपर्यंत फिरवलं होतं. आयुष्यात यांनी इतकी चांगली गाडी कुणाची केली नसेल. हे मागून पळत येत होते. पावलं ऐकू यायची, मग मागे पडली. मी वळून बघितलं नाही.

अंगणात चपला दिसल्या आणि मला कळलं. भाची दारात आली. तिने नुसती मान हलवली. शेजारची बाई म्हणाली, "आत्ताच हो. पाणी पाजलं आणि..."

मी गाडी पायऱ्यांपाशी लावली. ताईच्या घराला पायऱ्या आहेत. मला त्या कधी चढाव्या लागल्या नव्हत्या, तिलाच बाहेर आणत. आता तिला कोण आणणार?

तेवढ्यात हे पोचले. घामाने निथळत, हाताला ग्रीस. दोघंतिघं पुढे झाले. "बघा, कसे धावत आले," शेजारची बाई पुटपुटली. "असा नवरा मिळायला नशीब लागतं." हे माझ्यापाशी वाकले, एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली घालायला.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"अगं, पायऱ्या आहेत."

"दिसतात मला. लावू नका हात."

मी हँडल धरून उतरले आणि पायऱ्यांकडे पाठ करून सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले. मग तळवे टेकून एकेक पायरी उलटी वर चढले, लहान मुलं चढतात तशी. कपडे मळले, कोपर खरचटलं. समोर हे उभे होते, रिकामे हात घेऊन. त्यांचे डोळे भरले होते. मला दया आली असती तर बरं झालं असतं. नाही आली.

उंबऱ्यातून आत सरकले. ताई खाटेवर होती. तिची खाट कायम भिंतीला लागून असायची, खिडकीकडे तोंड करून. आता ती खोलीच्या मधोमध होती, आडवी, दाराच्या अगदी समोर.

"खाट कुणी फिरवली?" मी विचारलं.

"आईनेच," भाची म्हणाली. "म्हणजे खुणा करून करून फिरवायला लावली. तू पहिल्यांदा फोनवर म्हणालीस ना येते म्हणून, त्याच दिवशी. नंतर परत लावू दिलीच नाही."

मी जमिनीवरून सरकत खाटेपाशी गेले. यांची सावली उंबऱ्यावर पडली होती, आत येऊ की नको अशी. ताईचे डोळे कुणीतरी मिटवले होते. मी तिचा हात हातात घेतला आणि ती जिथे बघत होती तिथे, दाराकडे पाठ करून बसले.