आजी व्हायची पाळी

"झोप ताई. हात सरळ. डोळे बंद," पिटुकलीने फर्मावले.

नव्या ताई निमूट सतरंजीवर आडव्या झाल्या. थोरल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, खेळाच्या तासाला शिकवायचे नाही. मुले सांगतील ते व्हायचे. वर्षानुवर्षे सातवीला गणित शिकवून बालवर्गावर आलेल्या नव्या ताई या आठवड्यात कुत्रा, गिऱ्हाईक आणि पंक्चर झालेले चाक होऊन झाल्या होत्या. यातून मुले काय शिकतात, त्यांना काही केल्या उमगत नव्हते. वर्ग मात्र हसण्याने दणाणून जायचा.

"मी कोण आहे गं?"

"आजी. मेलेली."

ताईंनी खाडकन डोळे उघडले. पिटुकलीची आजी गेल्याच महिन्यात दवाखान्यात वारली होती. घरी आम्ही विषय काढत नाही, तुम्हीही काढू नका, असे तिच्या वडिलांनी सांगितले होते. पलीकडे कागदी टोपी घालून बसलेल्या थोरल्या ताईंकडे त्यांनी पाहिले. थोरल्या ताईंनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते कळले नाही.

"आपण दुकान दुकान खेळू या का?"

"दुकान काल झालं."

डॉक्टर झालेल्या ढब्बूने ताईंच्या कपाळाला चमचा लावला. "ताप नाहीये."

"मेल्यावर ताप नसतो. तू जा," पिटुकलीने त्याला हाकलले.

बाहुलीची दुलई तिने ताईंच्या पायांवर पसरली आणि उशाशी बसली.

"आता म्हण, येते गं."

"येते गं," ताई म्हणाल्या.

पिटुकली विचारात पडली.

"असं नको. गाडीत बसताना ती असंच म्हणाली होती. मग मी रोज दारात थांबले." तिने ताईंची बांगडी एकदा फिरवली. "तू म्हण, जाते."

निघताना 'जाते' म्हणू नये, हे वळण ताईंच्या जिभेला लहानपणापासूनचे. तिची समजूत घालावी, की जवळ घ्यावे, की हा खेळ इथेच मोडावा?

"म्हण ना."

"जाते गं."

"बरं."

पिटुकलीने दुलई नीट केली आणि ठोकळ्यांकडे धूम ठोकली. तिकडे पूल धाडकन कोसळला. सगळ्यांत मोठे हसू तिचेच ऐकू आले.

ताई तशाच पडून राहिल्या. संध्याकाळी तिच्या वडिलांना काय सांगायचे? आपण बरे केले की वाईट? आणि उठायचे केव्हा, हे तर कुणी सांगितलेच नव्हते.

ढब्बू येऊन वाकला.

"ताई, तू अजून मेलेलीच आहेस?"

"माहीत नाही रे."

"मग जरा सरक. इथून आमची गाडी जायचीय."

ताई सरकल्या.