चहाखालची मेणबत्ती

कुत्रं तिसऱ्या पायरीवर थांबलं, हे मी पाहिलं होतं. पुढे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही.

आमच्या जिल्ह्यात दर नोव्हेंबरात घरोघर जाऊन पाणवनस्पतींच्या टाक्यांची परीक्षा होते आणि गेली एकोणीस वर्षं परीक्षक मी आहे. त्या दिवसाची एक रीत आहे. एरवी ज्यांच्याबरोबर मी पत्ते कुटतो, तेही मला ‘अहो परीक्षक’ म्हणतात, मीही त्यांना ‘अहो’ म्हणतो आणि कागदावर सही होईपर्यंत परीक्षकानं सल्ल्याचा एक शब्द काढायचा नाही. ही रीत मी कडक पाळतो. लोक मला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणतात ते मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

गेरलॉफ विएर्स्मा माझा चाळीस वर्षांचा दोस्त. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यानं तळघरात टाकी मांडली. आदल्या वर्षी त्याचा पहिला नंबर दीड गुणानं हुकला. त्याची गल्ली झकास होती. गल्ली म्हणजे एकाच जातीची रोपं पुढून मागे तिरकी चढवत नेलेली. त्याशिवाय आमच्याकडे टाकीला टाकी म्हणत नाहीत. पण उजव्या अंगाचा रोटाला, म्हणजे लाल पानांचं रोप, लालभडक हवा, तो धड विटकरीसुद्धा नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, ‘लाल फिका. उजेड कमी.’ चार शब्द. पुढचं सगळं त्या चार शब्दांनी केलं.

त्याची आधीची झाडं गरीब स्वभावाची होती. सावलीतले नेचे, शेवाळ, तळाशी पसरणारी रुंद पानं. मिणमिणत्या दिव्यातही तक्रार न करणारी. माझा शेरा वाचून त्यानं ती उपटली आणि हावरी जात आणली. हावऱ्या झाडांना दुप्पट दिवे लागतात. दिवे वाढवले की ती कार्बन डायऑक्साइड मागतात, आणि तो पुरा पडला नाही तर झाडं राहतात बाजूला, काचेवर हिरवा चिकटा चढतो. म्हणून गॅसच्या छोट्या बाटलीच्या जागी दहा किलोची बाटली आली. शिवाय तळघराची खिडकी त्यानं फोम चिकटवून बंद केली, दाराच्या फटींना रबर लावलं. बाहेरचा उजेड नको आणि वारा तर नकोच. आमची माणसं पुराला भीत नाहीत, फटीतून येणाऱ्या वाऱ्याला भितात.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा खोलगट जागी जाऊन बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. हे मी दर वसंतात नवशिक्यांच्या वर्गात शिकवतो.

शुक्रवारी अडीच वाजता मी गेलो. दार त्याच्या बायकोनं, आउकेनं उघडलं. गेरलॉफ जिन्याखालून ओरडला, “अहो परीक्षक, बूट झटकून या. मागच्या वेळी माझा दीड गुण तुमच्या तळव्याला चिकटून गेला.”

ब्रॅम नावाचं त्यांचं बुटकं, लांबोडं कुत्रं माझ्याबरोबर निघालं आणि खालून तिसऱ्या पायरीवर बसकण मारून राहिलं. पुढे येईना. गेरलॉफ म्हणाला, आठवडा झाला रुसलंय, म्हातारं झालं. आठवडाभर त्याचंही डोकं दुखत होतं. ते परीक्षेच्या काळजीनं, असं त्याचं म्हणणं.

टाकी बघितली आणि मी बाकी सगळं विसरलो. इतका लाल मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. पानापानाच्या कडेला बारीक बुडबुड्यांची ओळ धरली होती, मासे गल्लीतून सावकाश फिरत होते. पाण्यातला गॅस दाखवणारी काचेची कुपी हिरवी होती. कमी असता तर निळी दिसली असती, जास्त असता तर पिवळी. मी काही न विचारताच गेरलॉफनं टाकीखालचं कपाट उघडून बाटलीच्या दाबाचा काटा दाखवला.

“साठावर. महिनाभर तसूभर हललेला नाही. आहे का कुठे गळती?”

बाटलीत द्रवरूप गॅस थेंबभर जरी शिल्लक असला तरी तो काटा हलत नाही. गळती बघायची तर बाटली वजन करून बघायची. हेही मी नवशिक्यांना शिकवतो.

तेवढ्यात आउके चहा घेऊन आली. आमच्याकडे किटली एका छोट्या घडवंचीवर ठेवतात आणि तिच्या पोटाखाली बसकी मेणबत्ती लावतात, चहा गरम राहावा म्हणून. तिनं ते सगळं गुडघ्याएवढ्या स्टुलावर मांडलं आणि मेणबत्ती पेटवली. ती विझली. तिनं पुन्हा पेटवली. ज्योत वातीपासून जराशी उचलली गेली, बारीक झाली आणि गेली. वारा तर कुठूनच नव्हता.

“स्वस्तातल्या आणल्या, घ्या आता,” आउके म्हणाली आणि किटली घेऊन वर गेली.

माझं डोकं जड झालं होतं आणि बसल्या जागी जिना चढून आल्यासारखा श्वास लागत होता. मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, “खिडकी कधी उघडता का हो?”

गेरलॉफ हसला. “हा प्रश्न परीक्षकाला शोभतो का? सही करा आधी, मग काय ती अक्कल शिकवा.”

बरोबरच होतं त्याचं. नियम माझाच होता. मी तोंड मिटलं आणि कागद भरायला घेतला. वनस्पतींची निवड, साडेनऊ. रंग आणि मांडणी, साडेनऊ. तांत्रिक बाजू, दहापैकी दहा. खाली सही केली.

आता बोलायला मी मोकळा होतो. पण घड्याळात पावणेचार झाले होते आणि पुढच्या घरी चारला पोहोचायचं होतं. आमच्याकडे पाच मिनिटं उशिरा जाणाऱ्याकडे लोक चोराकडे बघावं तसं बघतात. जिन्यात मी म्हणालो, “गेरलॉफ, त्या बाटलीबद्दल बोलायचंय. उद्या फोन करतो.”

“दहाला कर. साडेदहाला बाजारात जायचंय.”

दोघांनी खिशातून डायऱ्या काढल्या. माझ्या डायरीत मी लिहिलं : शनिवार, दहा, गेरलॉफ, मेणबत्ती.

मेणबत्ती असंच लिहिलं. तेव्हा मला कळलं नव्हतं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

निघताना तो म्हणाला, “आठवडाभर नुसती कात्री चालवली. आता सतरंजी टाकतो आणि आडवा पडून निवांत बघतो माझी गल्ली.” टाकी बुटकी होती, जमिनीवर पडलं की डोळे बरोबर वाळूच्या पातळीला यायचे. हेही मी ऐकलं. बाहेर गार हवेत दहा पावलांत माझं डोकं हलकं झालं. मला बरं वाटलं, आणि चारला दोन मिनिटं असताना मी पुढच्या दारात उभा होतो.

शनिवारी दहाच्या ठोक्याला फोन केला. उचलला तो आउकेच्या बहिणीनं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

आदल्या संध्याकाळी सहाला बटाटे टेबलावर आले आणि गेरलॉफ वर आला नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आउके जिना उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर ब्रॅमनं तिची विजार दातांत धरली आणि काही केल्या सोडेना. तिथूनच तिला तो सतरंजीवर पालथा दिसला. तिथूनच तिनं हाका मारल्या, तिथूनच परत फिरून मदत मागवली. म्हणून ती आज आहे. बंबवाले तोंडाला मुखवटे लावून खाली उतरले. बाटलीच्या सांध्यातली चकती चिरलेली निघाली. कधीपासून गळत होती ते कोणाला सांगता आलं नाही. मासे पोहत होते. झाडं तर मजेत होती.

दफनानंतर कॉफी आणि केकच्या वेळी आउके माझ्याशेजारी येऊन बसली. गुणांचा कागद तिनं चौकटीत लावून घेतला होता, तळघरात नाही तरी भिंतीवर त्याचं काहीतरी राहू दे म्हणून. तिनं माझा हात हातात घेतला.

“बेरेंद, एका गोष्टीचं मला समाधान आहे. त्या दिवशी तू खाली जाऊन बघून आलास. काही बिघडलेलं असतं तर तुझ्या नजरेतून सुटलं नसतं. दहापैकी दहा दिलेस तू. म्हणजे जे झालं ते तू गेल्यावरच झालं असणार, हो ना?”

ब्रॅम तिच्या पायाशी बसून माझ्याकडे बघत होतं.

“हो,” मी म्हणालो. “मी गेल्यावरच.”