यशवंतरावांचा समुद्र

रामाकोना गावात जुन्या पिढीत समुद्र पाहिलेला माणूस एकच, यशवंतराव. निदान गावाची तशी समजूत होती.

चौऱ्याऐंशी साली संत्रा बागायतदारांची सहल कोकणात गेली, तेव्हा गावातून ते एकटेच गेले होते. बाकीची मंडळी काटोलकडची. कोल्हापूरला यशवंतरावांचं पोट असं बिघडलं, की तीन दिवस ते धर्मशाळेत पडून राहिले आणि बाकीचे वेंगुर्ल्याला जाऊन आले. परतीच्या प्रवासात त्यांनी सगळ्यांचं बोलणं कान देऊन ऐकलं. गावात उतरल्या उतरल्या शेजारच्या नत्थूजींनी विचारलं, "कसा हाये समुद्र?" खरं बोलावं तर पोटाची कथा सांगावी लागली असती. यशवंतराव म्हणाले, "काय सांगू बाप्पा."

आणि मग चाळीस वर्षं सांगतच राहिले. लाटा आधी माणसाएवढ्या होत्या, त्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या ढिगाएवढ्या झाल्या. मासे बैलाएवढे झाले. नत्थूजी त्या गोष्टी मोहगावच्या बाजारात नेऊन सांगू लागले.

यंदा जावई गौतमची बदली नेमकी वेंगुर्ल्याला झाली. मुलगी दिपालीनं आईवडिलांना बोलावलं. ते ऐकून नत्थूजींनीही बॅग भरली. "तुमच्यासारखा दाखवनारा पुन्हा कुठी भेटते?" ते म्हणाले. यशवंतरावांना रेल्वेत पांढुर्ण्यापासून कुडाळपर्यंत झोप लागली नाही.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच ते गुपचूप घराबाहेर पडले. समुद्र आधी एकट्यानं पाहून घ्यावा, म्हणजे नत्थूजींसमोर तोंडाचा आ व्हायला नको. उतार धरून चालत गेले आणि पाणी लागलं. होड्या बांधलेल्या होत्या, बाया बांगडे निवडत होत्या. पण पलीकडचा काठ दिसत होता. काठावरचे माड मोजता येत होते. यशवंतरावांनी बोट बुडवून चाखलं. खारट. म्हणजे हाच. त्यांचा जीव खट्टू झाला. एवढ्याशा पाण्यासाठी आपण चाळीस वर्षं तोंडाची वाफ दवडली.

घरी नत्थूजी चहा पीत होते. यशवंतराव त्यांच्याजवळ बसत म्हणाले, "पाहून आलो. पहिल्यावानी राह्यला नाही तो."

"म्हंजे?"

"आटला. आपली कन्हान नाही का आटून राहिली? तसाच. जास्त आस नका धरू."

नत्थूजींनी मान हलवली. "पाऊसच कमी झाला सगळीकडं," ते म्हणाले. आत भाकऱ्या थापणाऱ्या यशवंतरावांच्या पत्नी वच्छलाबाईंनी पुढची भाकरी जरा जोरानं थापली.

दुपारी दिपालीनं त्यांना डचांची जुनी वखार दाखवली. पडक्या भिंतींची जाडी नत्थूजींनी हातानं मोजली आणि इथं संत्री किती मावली असती याचा हिशेब केला. उन्हं कलल्यावर ती म्हणाली, "चला, आता दीपगृहाच्या टेकडीवर जाऊ."

चढ चढताना यशवंतराव पुढे होते. वर पोचले आणि थांबले. समोर जमीनच नव्हती. पाणी होतं, आणि त्या पाण्याला पलीकडे काठ नव्हता. ते सरळ आभाळालाच जाऊन लागलं होतं. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या, वारा धोतराला ओढत होता.

धापा टाकत नत्थूजी मागून आले. कपाळावर हात धरून पाहू लागले. मग म्हणाले, "यशवंतराव, हे काय होय?"

"समुद्र आहे, काका," दिपाली म्हणाली. "सकाळी बाबा गेले होते ती खाडी."

यशवंतराव दगडावर बसले. काहीतरी जुळवून सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण नजर पाण्यावरून हटेना. शेवटी म्हणाले, "नत्थूजी, मी समुद्र पाह्यलाच नव्हता. कोल्हापूरले पोट बिघडलं होतं."

नत्थूजींनी टोपी काढून हातात घेतली. "मंग मोहगावात मी चाळीस वर्षं जे सांगून राहिलो, ते कोनाचं?"

यशवंतरावांनी मागून चढून आलेल्या बायकोकडे पाहिलं.

"मले ठाऊक होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या सहलीचे कपडे मीच धुतले होते ना."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी चांगलं सांगत होते. मीबी आयकत होती." एवढं बोलून त्या पायवाटेनं खाली निघाल्या. ही माणसं वाळूवर पोचेपर्यंत त्या लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, आणि अंधार पडेपर्यंत कोणाचंही ऐकून बाहेर आल्या नाहीत.

रामाकोन्याला परतल्यावर ओट्यावर माणसं जमली. यशवंतरावांनी ठरवलं होतं, आता एक शब्द खोटा बोलायचा नाही. त्यांनी खाडीपासून टेकडीपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. लाटा कमरेएवढ्या. मासे टोपलीत मावतील असे. कोल्हापूरचं पोटही सांगून टाकलं.

मग म्हातारी अंबाबाई म्हणाली, "काई म्हना, मांगचा समुद्र चांगला होता."

दोघंचौघं उठून निघाले. यशवंतरावांची मान खाली गेली. तेवढ्यात नत्थूजी खाकरले.

"बसा ना थोडे," ते म्हणाले. "यशवंतरावांचं पोट पुन्हा बिघडलं होतं त्या दिवशी. टेकडीच्या पल्याड मी एकटाच गेलो होतो."

उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. यशवंतरावांनी पाण्याचा तांब्या नत्थूजींकडे सरकवला आणि ऐकायला मांडी घातली.